खेळाडू घ्यावेत की खेळ? मुंबई सिटीच्या २०२० मधील संघबांधणीवर एक संवाद

फुटबॉल क्लबची हंगामपूर्व खरेदी दोन वाटांनी होते. एका वाटेत आधी खेळाडूचे नाव ठरते आणि तो आल्यावर त्याला कुठे खेळवायचे याचा विचार होतो. दुसऱ्या वाटेत आधी खेळण्याची पद्धत ठरते, त्या पद्धतीत कोणकोणती कामे आहेत याची यादी होते आणि मग त्या कामाला माणूस शोधला जातो. मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगसाठी केलेली संघबांधणी दुसऱ्या वाटेची होती. त्यासाठी लागणारा प्रशिक्षक आणि संघाचा कणा मात्र शेजारच्या एफसी गोवाकडून आला. गोव्याच्या फुटबॉलशी बांधिलकी असणाऱ्यांना ही खरेदी तयार संघ उचलून नेण्यासारखी वाटते, तर मुंबईच्या समर्थकांना ती भारतीय फुटबॉलमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गुंतवणूक वाटते. पुढील संवादात या दोन बाजू गोवेकर आणि मुंबईकर अशा नावांनी मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

मुंबई सिटीची स्थापना २०१४ मध्ये लीगच्या पहिल्या हंगामाबरोबर झाली. अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना हे क्लबचे घरचे मैदान. सुरुवातीच्या वर्षांत फ्रेडी ल्युंगबर्ग, निकोला अनेल्का, दिएगो फोर्लान अशी जगभर गाजलेली नावे या क्लबकडे आली. २०१५ च्या लिलावात सुनील छेत्रीवर १.२ कोटी रुपयांची बोली लागली. पहिल्या हंगामात संघ आठांत सातवा आला, दुसऱ्यात सहावा. २०१६ मध्ये साखळीत पहिला येऊनही तो उपांत्य फेरीत हरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटी, न्यूयॉर्क सिटी, मेलबर्न सिटी अशा क्लबांच्या या समूहात मुंबई आठवी ठरली. त्या वेळी सुरू असलेल्या २०१९-२० च्या हंगामात मुंबई पाचवी आली आणि बाद फेरीला मुकली.

गोव्यात याच काळात वेगळी घडण चालू होती. सर्जिओ लोबेरा हा बार्सिलोनाच्या युवा विभागात काम केलेला स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ मध्ये एफसी गोवाकडे आला. त्याआधी तो मोरोक्कोतल्या मोगरेब तेतुआन क्लबचा प्रशिक्षक होता. तिथले अहमद जाहू, मोर्तादा फॉल आणि ह्युगो बुमूस हे तिघे पुढे गोव्याला आले. लोबेराच्या गोव्याने २०१७-१८ मध्ये साखळीच्या १८ सामन्यांत ४२ गोल केले, २०१९-२० मध्ये तितक्याच सामन्यांत ४६. जानेवारी २०२० च्या अखेरीस व्यवस्थापनाने लोबेराला दूर केले. तरीही तो हंगाम साखळीत पहिल्या क्रमांकावर संपवून गोव्याने लीग शील्ड मिळवली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब असा मान पटकावला. त्यानंतर काही महिन्यांत लोबेरा मुंबईचा प्रशिक्षक झाला. जाहू, फॉल, बुमूस आणि डावा बॅक मंदार राव देसाईही मुंबईत आले.

कणा

गोवेकर : भातशेतीत रोपं तरव्यात वाढतात आणि लावणी दुसऱ्या खाचरात होते. इथं तेच झालं. तीन वर्षं रोपं आम्ही वाढवली, लावणी तुमच्या खाचरात झाली आणि पीक तुमच्या नावावर लागलं. बुमूसचंच पाहा. आमच्याकडच्या शेवटच्या हंगामात त्यानं ११ गोल केले, १० गोलांना साहाय्य केलं आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्यानंतर लगेच तुम्ही त्याच्या करारातली सुटकेची रक्कम भरलीत आणि त्याला घेऊन गेलात. यात संघबांधणी कुठं आली? तयार संघ घेतला, इतकंच.

मुंबईकर : तुम्ही एक गोष्ट सोडून देताय. प्रशिक्षकाला आम्ही काढून नेलं नाही, तुमच्या व्यवस्थापनानंच त्याला मोकळं केलं होतं. आणि तयार म्हणाल, तर नेमकं काय तयार होतं तेही बघायला हवं. जाहू, फॉल आणि बुमूस तेतुआनपासून लोबेराचे. जाहू चेंडू घेऊन मागे उतरला की फॉलनं कुठं सरकायचं आणि बुमूसनं कोणती मोकळी जागा धरायची, हे त्यांना नव्यानं शिकवावं लागत नव्हतं. त्या वर्षी महासाथीमुळे खरेदीची मुदत ऑक्टोबरपर्यंत लांबली. परदेशी खेळाडू येऊन विलगीकरणात राहणार, मग थोडे दिवस सराव आणि २० नोव्हेंबरला लीग सुरू. अशा वर्षी खेळाडूंची आपसातली समज हीच सर्वांत मोलाची वस्तू होती आणि क्लबनं पैसे तिच्यासाठी मोजले.

गोवेकर : म्हणजे समज विकत मिळते, हे तुम्ही मान्य करता.

मुंबईकर : मिळते, पण ती पद्धतीसकट घ्यावी लागते. फोर्लान आला तेव्हा त्याच्याभोवतीची पद्धत त्याच्याबरोबर आली नव्हती.

गोवेकर : तरी त्या वर्षी तुम्ही साखळीत पहिले होता, हे विसरू नका. मोठं नाव म्हणजे वाया गेलेला पैसा, असा सरसकट हिशेब करता येत नाही.

कण्याचे महत्त्व लोबेराच्या मांडणीत उघड दिसते. त्याची रचना साधारणपणे ४-२-३-१ अशी असे. गोलरक्षक चेंडू लांब भिरकावण्याऐवजी जवळच्या सेंटर-बॅकला देई. दोन्ही सेंटर-बॅक रुंद होत, जाहू त्यांच्या मध्ये उतरे आणि दोन्ही बाजूंचे बॅक पुढे चढत. प्रतिस्पर्ध्याची पहिली फळी जाहूला अडवायला आली की तिच्या पाठीमागे जागा मोकळी होई आणि चेंडू तिथे उभ्या बुमूसकडे जाई. प्रतिस्पर्धी मागेच थांबला, तर जाहू लांब तिरपा पास थेट विंगरच्या धावेवर टाके. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी पुढच्या पासचा निर्णय जाहूकडेच येई. फॉलचे काम दोन्ही टोकांना होते : मागे उंच बचाव-रेषा सांभाळणे आणि जाहूच्या फ्री-किक व कॉर्नरवर पुढे जाऊन हेडर करणे.

पुढची फळी आणि परदेशी खेळाडूंची मर्यादा

२०२०-२१ च्या नियमाप्रमाणे क्लबला आशियाई खेळाडू धरून जास्तीत जास्त सात परदेशी खेळाडू नोंदवता येत आणि त्यांतले पाच एका वेळी मैदानात उतरवता येत. फॉल, जाहू आणि बुमूस यांच्याशिवाय मुंबईने स्पेनचा एर्नान सांताना, नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे, सिडनी एफसीकडून लोनवर इंग्लंडचा अ‍ॅडम ले फाँड्र आणि आशियाई जागेवर साय गॉडर्ड घेतला. सात जागा पूर्ण झाल्या. ओगबेचेने आधीच्या हंगामात केरळ ब्लास्टर्ससाठी १५ गोल केले होते.

गोवेकर : इथं मात्र तुम्ही नावांच्याच मागे लागलात. एका जागेसाठी दोन नावाजलेले स्ट्रायकर कशाला? आमच्याकडे फेर्रान कोरोमिनास एकटा होता. तीन हंगामांत त्यानं ४८ गोल केले. त्याच्या एकेका धावेची आमच्या मधल्या फळीला सवय झाली होती.

मुंबईकर : कोरोसारखा माणूस मिळाला तर उत्तमच. पण नवा स्ट्रायकर या पद्धतीत रुळेल की नाही, हे आधी सांगता येत नाही. म्हणून क्लबनं दोन वेगळ्या चणीचे घेतले. ओगबेचे पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू राखतो आणि मागून येणाऱ्याला देतो. ले फाँड्र गोलसमोरच्या छोट्या जागेत वावरतो आणि पेनल्टी हुकू देत नाही. त्या वर्षी पाच बदली खेळाडूंची मुभा होती, तेव्हा दोघांचाही उपयोग होणारच होता. हंगामाअखेर ले फाँड्रचे ११ गोल झाले आणि ओगबेचेचे ८.

गोवेकर : आकडे चांगले आहेत. पण मोठ्या समूहाच्या पाठबळावर दुसरा स्ट्रायकर हाताशी ठेवता येतो. स्पर्धेत पैसा असा उतरतो. तो स्ट्रायकरच्या गोलांत दिसत नाही, बाकावर बसलेल्या स्ट्रायकरमध्ये दिसतो.

मुंबईकर : हा मुद्दा मी खोडत नाही. पैसा असणं आणि तो योग्य जागी घालणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच माझं म्हणणं.

देशी सहा

पाच परदेशी म्हणजे उरलेले सहा भारतीय. परदेशी खेळाडूंवर कितीही खर्च झाला तरी संघाचा अर्ध्याहून मोठा भाग देशी असतो आणि लीगमधल्या संघांतला खरा फरक बहुधा तिथेच पडतो. मुंबईकडे कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग २०१६ पासून होता, विंगर बिपिन सिंग २०१८ पासून, तर मधल्या फळीतला मूळचा गोव्याचा रॉलिन बोर्जेस २०१९ पासून. नव्यांत मंदार आला. उजव्या बॅकच्या जागी मुंबईचाच अमेय रानवडे खेळू लागला. जानेवारीत फारुख चौधरीला जमशेदपूरला देऊन जॅकीचंद सिंग घेतला. लोबेराच्या गोव्यात तोही खेळलेला होता.

मुंबईकर : बिपिन आमच्याकडे आधीपासून होता, पण लोबेरानं त्याच्या धावेला अर्थ दिला. जाहूचा तिरपा पास उजव्या-डाव्या कडेला पडणार हे माहीत असल्यामुळे बिपिन चेंडू निघण्याआधीच पळायला लागायचा. ओडिशाला ६-१ हरवलं त्या सामन्यात त्यानं हॅट्ट्रिक केली. नवी पद्धत आली की जुना खेळाडूही नव्यासारखा होतो. खरेदीचा हा फायदा करारपत्रात दिसत नाही.

गोवेकर : याच न्यायानं आमच्याकडे पाहा. लोबेरा, कोरो, बुमूस, जाहू, फॉल सगळे गेले. आम्ही हुआन फेर्रान्दो हा नवा प्रशिक्षक आणला. इगोर आंगुलो, होर्हे ओर्तिस, अल्बेर्तो नोगेरा असे नवे परदेशी घेतले आणि सेव्हियर गामासारख्या गोव्याच्या पोरांना खेळवलं. आंगुलोनं १४ गोल करून गोल्डन बूट मिळवला. साखळीच्या वीस सामन्यांत आम्ही फक्त तीन हरलो. चेंडू ताब्यात ठेवून खेळायची पद्धत मूठभर माणसं गेल्यानं संपली नाही. म्हणजे ती क्लबची होती.

मुंबईकर : पण वीसपैकी दहा सामने बरोबरीत सुटले. पद्धत टिकली, धार गेली. बचावाच्या दाटीतून वाट काढणारा जो माणूस लागतो, तो बुमूस होता.

जोखीम

मागून चेंडू बांधत आणण्याच्या पद्धतीत धोका उघड असतो. स्वतःच्या गोलजवळ एक पास चुकला की मध्ये अडवायला कोणी उरत नाही. बचाव-रेषा वर असल्याने तिच्या मागची मोठी जागा वेगवान आघाडीपटूंना मोकळी मिळते. शिवाय सगळा खेळ एका माणसातून जात असेल, तर तो नसताना संघ अडखळतो. या तिन्ही गोष्टी मुंबईच्या वाट्याला आल्या. २१ नोव्हेंबर २०२० रोजी पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध जाहूला लाल कार्ड मिळाले आणि मुंबई पेनल्टीवर ०-१ अशी हरली.

गोवेकर : त्या दिवशी आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. जाहू हीच पद्धतीची किल्ली आणि जाहू हाच तिचा कच्चा दुवा, हे आम्ही तीन वर्षं पाहिलं होतं. पुढे नॉर्थईस्टनं तुम्हाला दुसऱ्यांदाही हरवलं. जो संघ तुमच्या मागच्या जागेवर धाडसानं धावतो, त्याच्यापुढे तुम्ही अडचणीत येता.

मुंबईकर : त्या दोन पराभवांच्या मध्ये सलग बारा सामने आम्ही हरलो नाही, हेही त्याच पद्धतीचं फळ. वीस सामन्यांत ३५ गोल केले आणि १८ स्वीकारले. चार पराभव झाले, पण बारा विजय मिळाले. कोणत्याही डावपेचाला किंमत मोजावी लागते. मोजलेल्या किमतीच्या बदल्यात काय मिळालं, हे बघायचं.

निकाल

तो संपूर्ण हंगाम महासाथीमुळे गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या मैदानांवर प्रेक्षकांविना खेळला गेला. मुंबईने साखळीचे सगळे सामने अंधेरीपासून दूर खेळले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी शेवटच्या साखळी सामन्यात गाठ पडली अग्रस्थानावरच्या एटीके मोहन बागानशी. जिंकले तरच लीग शील्ड, अशी स्थिती होती. सुरुवातीलाच जाहूच्या फ्री-किकवर फॉलने हेडरने गोल केला. पुढे सांतानाची फ्री-किक आडव्या खांबावर आपटून परतली आणि ओगबेचेने दुसरा गोल साधला. मुंबई २-० जिंकली. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्याने शील्ड तिची झाली.

उपांत्य फेरीत मुंबईसमोर एफसी गोवाच आला. पहिला सामना २-२ असा सुटला. मुंबईचे दोन गोल बुमूस आणि फॉल यांचे, गोव्याचे आंगुलो आणि सेव्हियर गामा यांचे. दुसरा सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६-५ अशी जिंकली. निर्णायक फटका रॉलिन बोर्जेसचा होता.

१३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात पुन्हा मोहन बागान होता. त्यातले पहिले दोन गोल जवळून पाहण्यासारखे आहेत. अठराव्या मिनिटाला स्वतःच्या गोलपासून थोड्याच अंतरावर जाहूच्या पायांतून चेंडू हिसकावला गेला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. अकरा मिनिटांनी त्याच जाहूने मागून लांब चेंडू बिपिनच्या धावेवर टाकला. बिपिन पोचण्याआधी तो परतवण्यासाठी मोहन बागानच्या तिरीने डोके लावले आणि चेंडू स्वतःच्याच गोलरक्षकावरून जाळ्यात गेला. नव्वदाव्या मिनिटाला ओगबेचेने राखून दिलेल्या चेंडूवर बिपिनने विजयी गोल केला. लीग शील्ड आणि आयएसएल चषक एकाच हंगामात जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला संघ ठरला.

गोवेकर : उपांत्य फेरीतल्या गोलांची यादी वाचली की माझं म्हणणं सिद्ध होतं. चार गोलांपैकी दोन आमच्या आजच्या खेळाडूंचे, दोन आमच्या कालच्या.

मुंबईकर : आणि अंतिम सामन्यातली यादी वाचली की माझं. जाहूची एक चूक, जाहूचाच एक पास, आणि शेवटी २०१८ पासून मुंबईत असलेल्या बिपिनचा गोल. तुम्ही दोन-चार माणसं मोजताय. मी त्या माणसांनी बाकीच्यांना काय करून दिलं ते मोजतो.

पुढच्या हंगामांची कसोटी

एका हंगामाच्या यशावरून खरेदीची पूर्ण पारख होत नाही. २०२१ मध्ये अमरिंदर आणि बुमूस एटीके मोहन बागानकडे गेले, ओगबेचे हैदराबादकडे. ऑक्टोबरमध्ये लोबेराही गेला. त्याच्या जागी त्याच समूहातल्या मेलबर्न सिटीकडून डेस बकिंगहॅम आला. आंगुलोला मुंबईने गोव्याकडून घेतले, राहुल भेकेला बेंगळुरूकडून. २०२१-२२ च्या साखळीत मुंबई पाचवी आली. ओगबेचेने हैदराबादसाठी १८ गोल केले आणि हैदराबादने चषक जिंकला.

गोवेकर : हीच ती कसोटी. प्रशिक्षक गेला, कणा अर्धा गेला आणि संघ बाद फेरीच्या बाहेर. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाकडे आला, तेव्हा फॉल आणि जाहू मुंबई सोडून त्याच्याकडे गेले. ही माणसं क्लबशी बांधलेली नव्हती, प्रशिक्षकाशी बांधलेली होती. प्रशिक्षकाबरोबर आलेला संघ प्रशिक्षकाबरोबरच जातो, हे खरेदी करणाऱ्यानं आधीच धरून चालायला हवं.

मुंबईकर : पाचवे आलो, हे खरं. पण त्याच संघानं एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. नंतर ग्रेग स्ट्युअर्ट, नोगेरा, होर्हे पेरेरा दियास आले. त्याआधीच्या जानेवारीत लालियनझुआला छांगटे आला होता. २०२२-२३ मध्ये ४६ गुणांसह पुन्हा लीग शील्ड मिळवली. पुढे प्रशिक्षक पुन्हा बदलला, पेत्र क्रात्की आला आणि मे २०२४ मध्ये भेकेच्या नेतृत्वाखाली कोलकात्यात चषक जिंकला. तीन प्रशिक्षक झाले, बहुतेक खेळाडू बदलले, पण मागून चेंडू बांधत आणायची रीत कायम राहिली. गोव्याकडून पद्धत घेतली असं म्हणा हवं तर. पुढे ती क्लबची झाली.

गोवेकर : तर मग आपण एका ठिकाणी येतो. आमची पद्धत लोबेरा गेल्यावरही टिकली म्हणून मी ती क्लबची म्हणतो, तुमची टिकली म्हणून तुम्ही म्हणता. माझी तक्रार तरीही राहते. मोठ्या समूहाला एक पडलेला हंगाम परवडतो, गोव्याला परवडत नाही. ज्याच्याकडे खेळाडू घडतात त्याला घडवण्याचा मोबदला नीट मिळाला, तरच ही देवाणघेवाण न्याय्य म्हणायची.

मुंबईकर : हे मला मान्य आहे. बुमूससाठी रक्कम मोजली गेली, तशी प्रत्येक वेळी मोजली जायला हवी. घडवणारा क्लब दुबळा झाला, तर पुढच्या वेळी घ्यायचं कोणाकडून?

निष्कर्ष

या संवादातून नव्या हंगामाची खरेदी तपासण्याचे चार निकष हाती येतात. पहिला, प्रत्येक नव्या खेळाडूला संघाच्या पद्धतीत नेमके कोणते काम आहे, ते आधी सांगता यावे. फॉल, जाहू आणि बुमूस यांच्याबाबत ते सांगता येत होते. दुसरा, खरेदीमुळे आधीपासून असलेल्या देशी खेळाडूंचा खेळ वाढतो का, ते पाहावे. बिपिन हे त्याचे उदाहरण. तिसरा, पद्धतीतला ठरलेला धोका क्लबने ओळखलेला आणि स्वीकारलेला असावा. अंतिम सामन्यात एकाच खेळाडूच्या पायांतून गोल गेला आणि गोल आलाही. चौथा, प्रशिक्षक गेल्यावर काय उरेल, याचे उत्तर करार करतानाच तयार असावे. पहिल्या तीन निकषांवर मुंबईची २०२० ची खरेदी पूर्ण उतरली. चौथ्यावर ती पुढच्याच हंगामात अडखळली आणि त्यानंतर सावरली. घडवणाऱ्या क्लबच्या मोबदल्याचा प्रश्न एकट्या मुंबईने किंवा एकट्या गोव्याने सुटणारा नाही. तो लीगच्या नियमांतूनच सोडवावा लागेल.